पदर लागला तरी

"पदर नुसता लागला तरी भाजतं गं," मावशी आज म्हणाली. नागिणीचे फोड केव्हाच सुकलेत, पण त्या कुशीला सुती कापडही सोसत नाही. भेटायला आलेल्या बाई म्हणाल्या, "आता तर काहीच दिसत नाही!" मावशी गप्प झाली.

ते वाक्य डोक्यातून जाईना.

दिसणार कसं? बिघाड आत आहे. मज्जारज्जूत वेदनेचे संदेश आवरणाऱ्या पेशी असतात, त्या 'गाबा' नावाचं रसायन सोडतात. नागिणीसारख्या आजारात नस दुखावली की हा आवर सैल पडू शकतो आणि साधा स्पर्शही आग होऊन मेंदूपर्यंत पोचतो.

२०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात अ‍ॅलन बासबॉम यांच्या गटाने उंदराच्या भ्रूणाच्या मेंदूतून पुढे गाबा सोडणाऱ्या पेशी बनतात अशा कोवळ्या पूर्वपेशी घेतल्या आणि नस दुखावलेल्या उंदरांच्या मज्जारज्जूत सोडल्या. त्या तिथे रुजल्या, जोडल्या गेल्या. स्पर्शाने होणारी वेदना ओसरली! सगळं अंग गुंगवणाऱ्या गोळीपेक्षा किती वेगळी वाट.

उंदरापासून माणसापर्यंतचं अंतर मोठं आहे, मावशीला खोटी आशा मी देणार नाही. 'स्टेम सेलने दुखणं कायमचं बंद' अशा जाहिरातींच्या नादी तर मुळीच लागू देणार नाही.

तुमच्या घरी असं न दिसणारं दुखणं कोणी सोसतंय का? त्यांना तुम्ही काय म्हणता?