आधी शेपटी, मग रंग: फेब्रुवारीच्या नोंदी

यंदा ठरवलं होतं, नवा पक्षी मिळावा म्हणून उरण-कर्नाळा करत फिरायचं नाही. एकाच जागी बसून शिकारी पक्षी बघायचे: नवी मुंबईत सीवूड्सला टी. एस. चाणक्य या जहाजी प्रशिक्षण संस्थेजवळचं पाणथळ, एकच बांध, दुर्बीण आणि वही. कॅमेरा घरी. नऊ फेऱ्या झाल्या.

पहिल्या दोन फुकट गेल्या, चूक माझीच. साडेसहाला पोहोचलो तर खाडीवर धुरकं आणि घारी झाडांवर पंख मिटून बसलेल्या. जमीन तापून गरम हवा वर चढेपर्यंत त्या उगाच पंख मारत नाहीत. तिसऱ्या वेळेपासून भरती धरून गेलो. हिशेब कोळ्यांचा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची ढोबळ वेळ. एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. खाडीतला चिखल बुडाला की शेकाटे, तुतवार असे चिखलात चरणारे पक्षी आत तळ्यावर येतात, आणि त्यांच्या मागावर शिकारी.

त्यातली मार्श हॅरियर, म्हणजे पाणथळावर शिकार करणारा घारीसारखा पक्षी, तिची मादी पाच वेळा दिसली. गडद चॉकलेटी अंग, डोक्यावर सायीसारखा पिवळट पांढरा रंग. पंख उथळ ‘व्ही’सारखे धरून गवतावरून कमरेएवढ्या उंचीने जाते, मान खाली. घार वरून गेली तर शेकाटे ढिम्म हलत नाहीत. ही बांधाच्या टोकाला दिसली की सगळा थवा किंचाळत उठतो. आता मी आभाळाकडे नाही, शेकाट्यांकडे बघत बसतो. सहाव्या फेरीत तिने थव्यावरून चार चकरा मारल्या. झडप एकदाही नाही, नुसतं उठवायचं आणि पुढे जायचं. माझ्या मते कोण मागे राहतंय ते ती बघत होती. पाचव्या चकरेत गवतात पडली, मिनिटभराने वर आली ती रिकाम्या पंजांनी, पाय चिखलाने काळे. पलीकडच्या रोहितांनी (फ्लेमिंगो) चोच पाण्यातून काढलीसुद्धा नाही.

आता कबुली. गेल्या वर्षीच्या वहीत हॅरियरच्या तीन नोंदी आहेत. माझ्या वर्णनावरून त्यातल्या दोन ब्राह्मणी घारीची पिल्लं निघाली. पिल्लू तपकिरी असतं, विटकरी-पांढरा थाट नंतर येतो. मी फक्त रंग बघितला होता. ब्राह्मणीची शेपटी आखूड आणि गोलसर, साध्या घारीची खाच असलेली (पूर्ण पसरली तर तीही खाच दिसेनाशी होते, म्हणून वळायची वाट बघायची), हॅरियरची लांब. दोन्ही नोंदी खोडल्या. खोडताना जीवावर आलं.

ऑस्प्रे, हा मासेमार शिकारी पक्षी, एकदाच, खांबावर, पंजात बोय मासा. उडताना मासा डोकं पुढे करूनच धरलेला. हवा कापायला सोपं. दोन घारींनी छळलं तरी सोडला नाही. कापशी घार एकदा, बहिरी ससाणा नाही.

घारींचं घर बांधणं मात्र जोरात आहे. आमच्या सोसायटीच्या नारळावर काड्यांबरोबर वायरचा तुकडा आणि कुणाचा तरी मोजा गेला. वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून रोज ओरडतात, मोजा अजून परत आलेला नाही.

नवव्या फेरीला हॅरियर आली नाही. दीड तास शेकाटे निवांत चरत होते. मार्चमध्ये या उत्तरेकडे निघायला लागतात, पण इतक्यात गेली असं लिहायला हात धजेना. वहीत तारखेपुढे रेघ मारून ठेवली आहे. पुढची फेरी द्वादशीला, नऊच्या भरतीला.