नऊ नंबरचं पान

पुण्यातल्या एका छापखान्यात प्रीप्रेसला, म्हणजे छपाईआधीच्या तयारीच्या कामात, मला एकवीस वर्षं झाली. लग्नपत्रिकेपासून दिवाळी अंकापर्यंत सगळं हाताखालून गेलंय. पण एका छोट्या प्रदर्शनाच्या कॅटलॉगनं जो घाम काढला, तसा कुणीच काढला नाही.

चित्रं एका बाईंची, ए-थ्री कागदावर. पांढऱ्यावर लाटांसारख्या काळ्या रेघा, बाकी काही नाही. पण थोडा वेळ बघितलं की कागद हलायला लागतो. ऑप आर्ट म्हणतात याला. बाईंनी नमुना म्हणून ब्रिटिश चित्रकार ब्रिजेट रायलीचं १९६४ सालचं ‘करंट’ दाखवलं. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ‘द रिस्पॉन्सिव्ह आय’ हे प्रदर्शन भरलं, त्याच्या कॅटलॉगच्या मुखपृष्ठावर हेच चित्र होतं. “साठ वर्षांपूर्वी जमलं, तर तुम्हाला जमेलच की,” असं म्हणून बाई गेल्या.

पहिलं प्रूफ आलं आणि पोटात गोळा आला. रेघांवर रंगीत पट्टे, धूपछाँव साडीवर दिसते तशी झाक. मॉयरे! म्हणजे दोन जाळ्या एकमेकींवर पडल्या की उमटणारी भलतीच नक्षी. फोटोग्राफरनं फाइल चार रंगांत दिली होती. छपाईत प्रत्येक रंगाच्या ठिपक्यांची जाळी वेगळ्या कोनात बसवतात: काळा ४५ अंश, बाकीचे १५, ७५ आणि ०. एकमेकींत अडकू नयेत म्हणून. इथे पाचवी जाळी चित्रातच होती, आणि तीही वळणावळणाची. कोन बदलून बदलणार किती? वळणारी रेघ कुठे ना कुठे कुठल्या तरी जाळीला गाठणारच.

आमचा नवा मुलगा म्हणाला, “सर, कॉम्प्युटरवर कोरलमध्ये रेघा ट्रेस करतो, तासाभराचं काम.” बाईंना फोन केला. “अजिबात नाही. ती रेघ माझ्या हातची आहे.” मला आधी हा हट्ट वाटला. मग मूळ चित्रावर लूप, म्हणजे आमचं छपाई तपासायचं भिंग, ठेवला. एका लाटेच्या उतारावर कड केसभर थरथरली होती, बहुतेक तिथे ब्रश पुन्हा रंगात बुडवला असावा. ट्रेस केलं असतं तर हीच जागा पहिली गेली असती.

शेवटी सगळी चित्रं १२०० डीपीआयला बिटमॅप स्कॅन केली. काळं किंवा पांढरं, मधलं करडं नाहीच. करडं नाही म्हणून ठिपके नाहीत, ठिपके नाहीत म्हणून जाळी नाही. एकाच काळ्या शाईत फॉर्म, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा संच, मशीनवर चढवला.

दहा मिनिटांत मशीनमनची हाक. “साहेब, नऊ नंबरला जाळी हाय अजून!” बघतो तर खरंच. रेघांमधून काहीतरी सळसळत होतं, मधूनच पिवळट भास. मशीन थांबवलं. लूप लावला: काळं भरीव, कडा स्वच्छ, एक ठिपका नाही. शीट आडवी धरली, उभी धरली. छापलेला मॉयरे जागचा हलत नाही. हे मात्र नजर जाईल तिकडे पळत होतं. शेवटी मूळ चित्र शेजारी ठेवलं. तेही तसंच पळत होतं.

एव्हाना मालक खाली आले होते. मशीन का थांबलंय ते त्यांना समजावणं हा वेगळाच प्रकार झाला.

संध्याकाळी बाई आल्या. शीट हातभर लांब धरली, डोळे बारीक केले. “हां, आता हलतंय,” म्हणाल्या आणि कोपऱ्यात सही केली. मशीनमननं मात्र ढिगावरचं वरचं शीट पालथं घातलं. चक्कर येते म्हणाला.