तुम्ही विचारलंत म्हणून : कॅबिनेटला फॅन किती आणि कुठल्या तोंडाने?

कॉम्प्युटर जोडायला घेतलेले बहुतेक जण मला हेच विचारतात : कॅबिनेटमध्ये फॅनच्या सहा-सात जागा आहेत, सगळ्या भरू का? माझं म्हणणं असं की, आधी हवा कुठून आत येणार आणि कुठून बाहेर पडणार ते ठरवा, फॅन मग मोजा. पुढून आत ओढणारे दोन आणि मागून बाहेर फेकणारा एक, एवढ्यावर बरीचशी मशीन छान चालतात.

दिशा ओळखायला सोपी आहे. साध्या फॅनमध्ये हवा उघड्या बाजूने शिरते आणि मोटर पेलणाऱ्या दांड्यांच्या बाजूने निघते. म्हणून पुढच्या फॅनच्या दांड्या कॅबिनेटच्या आत, मागच्याच्या बाहेर. हल्ली काचेतून दांड्या दिसू नयेत म्हणून उलट्या पात्यांचे, रिव्हर्स फॅन मिळतात. त्यांचं सगळं बरोबर उलटं असतं. चौकटीवर बाण असेल तर तो बघा, नसेल तर फॅन चालू करून टिश्यू पेपरची पट्टी समोर धरा. ती पात्यांकडे ओढली गेली, तर हवा त्या बाजूने शिरतेय.

वरच्या जागांबद्दल मात्र माझं ठाम मत आहे. ‘गरम हवा वरच जाते, मग वर फॅन हवेतच’ असं सगळे म्हणतात. ती जाते, पण फॅनच्या जोरापुढे तो ओढा अगदी क्षीण असतो. वर मागच्या कोपऱ्यात बाहेर फेकणारा एक फॅन चालेल. वर पुढच्या बाजूला लावलात, तर पुढून आलेली गार हवा प्रोसेसरच्या कूलरपर्यंत पोचायच्या आधीच तो बाहेर काढून टाकतो. ती जागा मी रिकामी ठेवायला सांगतो.

आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असू द्या. म्हणजे धूळ फटीफटींतून न शिरता फिल्टरवर अडते. फिल्टर अर्थातच साफ करावा लागतो.

खोक्यावरचा सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा हलते त्याचा, आकडा समोर काहीही अडथळा नसतानाचा असतो. पुढे मोकळी जाळी असेल तर तो बघायला हरकत नाही. दाट फिल्टर किंवा रेडिएटर (पाण्यावर चालणाऱ्या कूलरचा, हवेने गार होणारा भाग) असेल तर स्टॅटिक प्रेशर, म्हणजे अडथळ्यातून हवा रेटण्याचा जोर, जास्त असलेला फॅन घ्या. 140 मिमीचा बसत असेल तर 120 घेऊ नका. तेवढीच हवा तो कमी वेगात, कमी आवाजात हलवतो.

वेगाचं एक कुणी सांगत नाही. मदरबोर्ड सहसा फॅनचा वेग प्रोसेसरच्या तापमानावर ठरवतो, पण गेम खेळताना सगळ्यात जास्त उष्णता बहुधा ग्राफिक्स कार्ड ओकत असतं. प्रोसेसर निवांत, म्हणून फॅनही निवांत, आणि कार्ड तापत राहतं! त्यासाठी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, जाऊन पुढच्या फॅनचा किमान वेग थोडा वर ठेवा.

आणखी फॅन विकत घेण्याआधी एवढं करा. एकच गेम अर्धा तास चालवून कार्डाचं तापमान टिपा, मग बाजूचं पॅनेल काढून पुन्हा तसंच करा. फरक दोन-तीन अंशांचाच असेल तर तुमचे फॅन पुरेसे आहेत. दहाच्या घरात असेल तर हवा कुठेतरी अडतेय, आणि शोध पुढच्या बाजूपासून सुरू करा. बंद काच आणि कडेला बारीक फट असलेल्या कॅबिनेटमध्ये कितीही फॅन बसवले तरी त्यांना ओढायला हवाच मिळत नाही.