राक्षसाच्या नावाचं गाव

आमच्या गावाचं नाव एका राक्षसावरून पडलंय आणि त्याचं इथं कुणालाच काही वाटत नाही. कोल्हासुर अंबाबाईच्या हातून मेला. मरताना त्यानं मागून घेतलं, या क्षेत्राला माझं नाव राहू दे. देवी म्हणाली, तथास्तु. तेव्हापासून जिंकलेली देवी आणि हरलेला राक्षस एकाच पत्त्यावर नांदतात. करवीर हे भारदस्त नाव तालुक्याच्या वाट्याला आलं, पाटीवर मात्र कोल्हापूर.

ग्रिम बंधूंनी १८१२ साली छापलेल्या हिमगौरीच्या गोष्टीत दुष्ट राणीला तापवलेले लोखंडी जोडे घालून मरेस्तोवर नाचायला लावतात. हिशेब चुकता. आपल्या गोष्टींतही रक्तपात काही कमी नाही, पण हरलेल्याच्या नावावर काहीतरी ठेवायची रीत दिसते.

रुसलेल्याच्या नावावरही. कामाक्ष नावाच्या दैत्यानं म्हणे योगदंड फिरवून देवांच्या शेळ्या-मेंढ्या करून टाकल्या. त्र्यंबोलीनं त्याला मारलं आणि देवांना पुन्हा देवपण मिळवून दिलं. पुढं विजयाचा सोहळा झाला, तर नेमकं तिलाच आवतण द्यायचं राहिलं! लग्नाच्या यादीतून सख्ख्या आत्याचं नाव सुटावं, तसलाच प्रकार. ती रुसली आणि गावाबाहेरच्या टेकडीवर जाऊन बसली. अंबाबाई स्वतः लवाजमा घेऊन तिची समजूत काढायला गेली. अजूनही जाते. नवरात्रात ललिता पंचमीला पालखी टेंबलाईच्या, म्हणजे त्र्यंबोलीच्याच, टेकडीवर पोचते, कोल्हासुराच्या वधाची आठवण म्हणून कोहळा फोडतात, आणि तो पुरता फुटायच्या आत तुकड्यासाठी झुंबड उडते. पोलिसांच्या शिट्ट्या, खाली सांडलेला लगदा, आणि गर्दीतून बाहेर पडणारा एखादा पैलवान गडी. शर्टाला कोहळ्याच्या बिया चिकटलेल्या, मुठीत बोटभर फोड, आणि गडी खूश.

जुन्या गोष्टी बोधामुळे टिकल्या असं मला तरी वाटत नाही. बोध कधीच गळून पडतो. मागं राहतं ते राहून गेलेलं आवतण. भोपळ्यातली म्हातारीच घ्या. ‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा’ हे ती वाघाच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलते, आणि पोरं तिच्याच बाजूची असतात. परवा मोबाईलवर या गोष्टीची सुधारलेली आवृत्ती पाहिली. त्यात वाघ शेवटी म्हातारीची माफी मागतो. घरातलं पोरगं मधूनच उठून गेलं. माफी मागणाऱ्या वाघाचं पुढं करायचं काय?

‘आता कोण गोष्टी सांगतंय’ ही तक्रारही जुनीच. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांची मुलगी मेरी हिनं दख्खनच्या दौऱ्यात आपल्या आयेकडून गोष्टी ऐकल्या, टिपून घेतल्या आणि १८६८ साली लंडनमध्ये छापल्या. ॲना लिबराटा डिसूझा ही ती आया. तिला त्या आजीकडून मिळालेल्या. ही ॲना तेव्हाच कुरकुरत होती की पूर्वीची म्हातारी माणसं हौसेनं गोष्टी सांगायची, आताच्यांना पैशापलीकडे काही सुचत नाही. या कुरकुरीला दीडशे वर्षं होऊन गेली. म्हातारी माणसं सांगतायतच.

आमच्या शेजारच्या आक्का माझ्या भाच्याला रंकाळ्याच्या नंदीची गोष्ट सांगत होत्या. हा नंदी रोज गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो. असं करत करत ज्या दिवशी तळ्याला पोचेल, त्या दिवशी जगबुडी. मध्येच थांबून म्हणाल्या, “हूं म्हण की रं, गोष्ट पुढं कशी जाईल?” त्यानं हूं म्हटलंच नाही. आमच्या स्वयंपाकघरात जाऊन गव्हाचा एक दाणा आणि तांदळाचा एक दाणा घेऊन आला आणि फरशीवर शेजारी शेजारी मांडले. तांदूळ बासमती होता, गव्हापेक्षा चांगलाच लांब.

“आज्जी, नंदी मागंच चाललाय की!”

आक्कांनी चष्मा वर करून दोन्ही दाणे नीट बघून घेतले.

“बासमती कुणी सांगितला रं तुला? आमचा नंदी आजरा घनसाळवर चालतोय. जा, आमच्या डब्यातला घेऊन ये.”

पोरगं पळत सुटलंसुद्धा.