कुर्डीला जाताय? महादेवाचं देऊळ तिथे नाही

मे महिना उजाडला की मोबाइलवर तीच दोन चित्रं फिरायला लागतात. एकात भेगाळलेल्या चिखलातून वर आलेलं, दक्षिण गोव्यातल्या साळावली धरणात बुडालेलं कुर्डी गाव, दुसऱ्यात त्याच धरणाच्या गोल सांडव्यातून खाली कोसळणारं पाणी. सोबत मजकूर: एका दिवसात दोन्ही बघा. असं होत नाही. जलाशय 41.15 मीटरच्या पूर्ण पातळीला पोचल्यावरच सांडवा वाहतो, म्हणजे भर पावसाळ्यात, आणि तेव्हा कुर्डी पाण्याखाली असते. गाव उघडं पडतं ते एप्रिल अखेर ते मे, आणि त्या दिवसांत सांडवा म्हणजे सिमेंटचं कोरडं भांडं. दोन्ही हवं असेल तर दोन खेपा करा.

दुसरी फसगत महादेवाची. सांगे या जवळच्या गावात गाडी ठरवताना 'बुडालेलं कदंबकालीन देऊळ दाखवतो' म्हणून जादा भाडं मागतात. ते देऊळ कुर्डीत नाहीच. धरण होताना पुरातत्त्व खात्याने ते उतरवलं आणि दगड न् दगड हलवून 17 किलोमीटरवर, धरणाजवळ पुन्हा उभं केलं. तिथे डांबरी रस्त्याने जाता येतं, जादा पैसे देण्याचं काही कारण नाही. कुर्डीत आज दिसतं ते सोमेश्वराचं छोटं देऊळ.

धरण सांग्यापासून जेमतेम 5 किलोमीटर. पण तिथून कुर्डी 'समोरच' आहे असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका. मध्ये जलाशय पसरलाय, सगळा वळसा घ्यावा लागतो. मडगावहून थेट येणाऱ्यांनी केपे, तिळामळ, रिवण, कोळंब हा रस्ता धरावा आणि धरण नंतरसाठी ठेवावं. कोळंबपर्यंत रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचंय ते त्यापुढच्या, शेवटच्या टप्प्यातल्या गाळाबद्दल. दरवर्षी गाड्या रुततात त्या इथेच, आणि चालवणारे अडाणी असतात असंही नाही. डोंगरावरून येणारी बारीक लाल माती पाणी संथ झालं की तळाशी बसते. पाणी ओसरल्यावर वरचा थर उन्हाने वाळून कडक होतो, पण खालची माती लोण्यासारखी मऊ राहते. माणसाचं वजन वरची साल पेलते, गाडीचं नाही. साल एकदा फुटली की चाक जागच्या जागी फिरतं आणि गाडी पोटावर टेकते.

ओळखायचं असं. भेगा रुंद आणि खोल असतील, ढेपांच्या कडा वर वळल्या असतील तर जमीन बरीच सुकली आहे. भेगा केसासारख्या बारीक आणि रंग गडद असेल तर पुढे जाऊ नका, मग ती किती का सपाट दिसेना. शंका आली तर टाच जोरात आपटा. धप्प आवाज येऊन ओलसर खळगा पडला तर गाडी तिथेच थांबवा. गावाचा जुना रस्ता आणि घरांचे चौथरे खाली घट्ट आहेत, आधीच्या चाकोऱ्या बहुधा त्यांच्यावरूनच जातात. पण मागच्या आठवड्यातली चाकोरी या आठवड्यात खरी असेलच असं नाही, मध्ये एखादी वळवाची सर पडून गेली असेल तर मुळीच नाही. दुचाकीचं साइड स्टँड मातीत घुसून गाडी आडवी होते, खाली चपटा दगड ठेवा.

रुतलीच तर अॅक्सिलरेटर दाबू नका. चाकाभोवतीची माती हाताने काढा, पुढच्या चाकांची हवा 18 पीएसआयपर्यंत उतरवा, चाकाखाली मॅट किंवा सुकी लाकडं घाला आणि ज्या वाटेने आलात त्याच वाटेने मागे घ्या. पुढे काढायच्या नादात गाडी आणखी रुतते. हवा भरायचा पंप नसेल तर मात्र हा उपाय करू नका, परतीच्या रस्त्यावर टायर जाईल. आमचं स्पष्ट मत: उंचवट्यावर पक्क्या जागी गाडी लावा आणि चालत जा. सावली कुठेच नाही, नारळीचे फक्त खुंट उरलेत. सकाळी सातला आत शिरायचं, दहाला बाहेर. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात दुपारनंतर ढग भरून येतात, आणि एका सरीत ही सगळी जमीन घसरगुंडी होते. जुन्या विहिरी जमिनीलगत उघड्या असू शकतात, मुलांना मोकळं सोडू नका.

बघायचं काय? दोन डोंगरांमधलं, साळावली नदीकाठचं हे सुपीक गाव. भातशेती, नारळ, काजू, आंबा, फणस. देवळं होती, कपेल म्हणजे छोटं चर्च होतं, मुसलमानांचं एक प्रार्थनास्थळही होतं. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर इथे स्वतः येऊन गेले आणि धरणाने सगळ्या दक्षिण गोव्याचं भलं होईल असं त्यांनी गावाला सांगितलं. 1986 साली गाव बुडालं. सहाशेहून अधिक कुटुंबं वाडे आणि वालकिणी या गावांत हलवली गेली. ज्या पाण्यासाठी घरं सोडली त्या पाण्याचा नळ वाडे गावातल्या लोकांना सुखासुखी मिळाला नाही, विहिरी आणि टँकरवर दिवस काढावे लागले. म्हणून पाणी घरूनच न्या, माणशी तीन लिटर. वाटेत कुणाच्या दारात बाटल्या भरायला उभे राहू नका.

गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर 1904 साली इथेच जन्मल्या. त्यांच्या घराच्या भिंतींचे अवशेष दाखवतात, पाटी शोधत बसू नका, एखाद्या मूळ कुर्डीकराला विचारा. तो मे महिन्यात हमखास भेटतो, कारण सोमेश्वराचा उत्सव आणि कपेलाचं फेस्त, म्हणजे वार्षिक सण, दोन्ही याच महिन्यात होतात आणि विखुरलेलं गाव तेवढ्यापुरतं परत येतं. फोटोच काढायचे असतील तर हे दिवस टाळा, गाडी लावायला कोरडी जागा मिळत नाही. गाव समजून घ्यायचं असेल तर नेमके हेच दिवस गाठा, बाकी दिवशी तुम्ही फक्त चिरे बघून येता. ज्या चौथऱ्यावर चढून सेल्फी घेताय तो कुणाच्या घराचा आहे हे सांगणारी म्हातारी शेजारीच उभी असते. ड्रोन उडवायचाच असेल तर आधी तिला विचारा. देवळापाशी चपला काढा, माती तापलेली असली तरी. चिऱ्याचा तुकडा आठवण म्हणून खिशात घालू नका.

नेत्रावळीची बुडबुड्यांची तळी जवळ आहे. बरी आहे, अर्धा तास पुरे. परतताना धरणाजवळच्या महादेवाला मात्र जरूर जा. सकाळचा गाळ अंगावरून धुतल्यावर ते देऊळ वेगळंच दिसतं.