सा कुठं धरलास?

मंगळवार, रात्री साडेदहा

आज गिटारवर पेंटाटोनिकचा, म्हणजे पाच सुरांच्या स्केलचा, पहिला बॉक्स (बोटांचा ठरलेला साचा) न अडखळता वाजला. ए मायनर, पाचव्या फ्रेटपासून (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरचा खण). जाड ई तारेवर पाच-आठ, मग तीन तारांवर पाच-सात आणि शेवटच्या दोन तारांवर पुन्हा पाच-आठ. तीन आठवडे हेच आकडे घोळवतोय. बोटांना पाठ झाले, पण कानाला ते पाढे म्हटल्यासारखेच लागत होते.

आबा सोप्यात बसले होते. भजनी मंडळात उभा जन्म पेटी धरलेली. बराच वेळ ऐकून म्हणाले, "सूर बरोबर हाईत की. सा कुठं धरलास?"

मला उत्तर देता येईना. बॉक्सचा पहिला सूर पाचव्या फ्रेटवर, म्हणून तोच सा, एवढंच डोक्यात होतं.

"दुसऱ्या सुरावर सा धर. तिथनं चढ."

दुसरा सूर म्हणजे आठव्या फ्रेटवरचा सी, आबांच्या भाषेत पांढरी एक, पेटीच्या सप्तकातली पहिली पांढरी पट्टी. मोबाईलवर पांढरी एकचा तानपुरा लावला आणि तिथून चढलो. सा, रे, ग, प, ध, सा. भूप राग! एक फ्रेट बदलला नाही, एक बोट हललं नाही, आणि त्याच बॉक्समध्ये भूप उभा राहिला. अंगावर काटा आला.

'सी मेजरचा रिलेटिव्ह मायनर म्हणजे ए मायनर' हे वाक्य मी पाठ केलं होतं. आज ते ऐकू आलं. सूर तेच पाच, घर तेवढं बदलतं.

मग वरच्या सप्तकात गेलो. जी तारेच्या पाचव्या फ्रेटवर सा, तर गंधार शेजारच्या बी तारेवर त्याच फ्रेटला. बाकी सगळ्या जोड्यांत तो एक फ्रेट मागे सापडतो. कारण जी आणि बी यांच्यात चारच फ्रेटचं अंतर आहे, इतर शेजारी तारांत पाच. तानपुऱ्यासोबत फ्रेटवरचा गंधार किंचित चढाच लागतो. सप्तकाचे बारा सारखे भाग केल्यावर तसं होणारच. पण आज त्या चढ्या गंधारावरही जीव जडला.

आबांनी मग पांढरी तीन लावायला सांगितली. म्हणजे ई. "तानपुऱ्यातला पंचम काढ, मध्यम लाव. मालकंसात पंचम कुठला आला?" तेच पाच सूर, सा ईवर, आणि खरोखर मालकंस. गंधार, धैवत, निषाद तिन्ही कोमल. आबा म्हणाले, सूर तेच ठेवून सा हलवायचा, याला मूर्च्छना म्हणतात.

रोज ऑफिसला जातो ते आमच्या कोल्हापुरातल्या देवल क्लब या संगीत संस्थेवरून. १८८३ पासून तिथं गाणं चाललंय. अल्लादिया खाँसाहेब इथंच शाहू महाराजांच्या दरबारी गवई होते. अशा गावात राहून तीन आठवडे मी नुसते आकडे मोजले, सा विचारला नाही, याची मनापासून चुटपुट लागली. बॉक्स शिकायचे ते शिकेनच, पाचही. पण यापुढे तानपुरा लावल्याशिवाय गिटार हातात घ्यायची नाही.

आबा झोपायला गेले. उद्या पांढरी पाच लावायची, जीवर सा धरायचा: सा रे म प ध. दुर्गा यायला हवा.