नगरच्या विहिरीतले बाण

आमच्या घरी दिवाळीत ‘रॉकेट’ असे कोणी म्हणत नसे. बाटलीत उभा करून उडवायचा तो बाणच. बखरींतही ‘बाणांचा मारा’ असे वाचताना धनुष्य डोळ्यांसमोर आणले तर बऱ्याचदा फसगत होते, कारण तो दारूच्या जोरावर स्वतःच धावणारा बाण असतो. असे खरे बाण पाहायचे म्हणून मी या श्रावणात शिवमोग्ग्याला गेलो.

होसनगर तालुक्यातील नगर, म्हणजे जुने बिदनूर, म्हैसूरच्या हैदर अलीने 1763 साली जिंकले. 2018 मध्ये तेथील एका कोरड्या विहिरीतून पुरातत्त्व विभागाने हजाराहून अधिक बाण बाहेर काढले आणि ते शिवमोग्ग्याच्या शिवप्पा नायक वाड्यातील संग्रहालयात आले. विहिरीच्या चिखलाला तेव्हाही दारूचा वास येत होता म्हणे. प्रत्यक्षात दिसतात ती वीतभर किंवा त्याहून थोडी लांब, गंजून खपल्या धरलेली लोखंडी नळकांडी. पहिल्या नजरेला ती भंगारवाल्याकडची वाटतात, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

तरीही सगळी करामत त्या लोखंडातच आहे. कागदाच्या किंवा बांबूच्या नळीत दारू फार ठासली तर नळीच फुटते. लोखंड तो दाब सोसते, म्हणून दारू घट्ट भरता येते, मागून वायू अधिक जोराने सुटतो आणि बाण दूर जातो. नळकांडे चामड्याच्या पट्ट्यांनी लांब बांबूला, कधी तर तलवारीच्या पात्याला बांधत. बंदुकीच्या गोळीला सगळा रेटा नळीतच मिळतो आणि पुढे तिचा वेग घटतच जातो. बाण मात्र आपली शिदोरी बरोबर नेतो आणि सुटल्यानंतर वेग घेतो. कॅलिफोर्नियातील एका कंपनीने 1960च्या दशकात हीच कल्पना पिस्तुलात आणली. त्या ‘जायरोजेट’ नावाच्या पिस्तुलाच्या 13 मिलिमीटर गोळीत इंधन होते, बुडाला तिरपी छिद्रे होती, आणि त्यांतून सुटणारा वायू तिला पुढे ढकलता ढकलता फिरवतही असे. बाण सरळ ठेवण्याचे बांबूचे काम या गिरकीने करायचे होते. हिसका जवळजवळ नव्हता, पण नळीच्या तोंडाशी गोळी फारच संथ असे, आणि नेमही खात्रीचा नव्हता. माझ्या मते नेमाचे हे दुखणे बाणाच्या जातीलाच चिकटलेले आहे. बाटली जराशी कलली की शेजाऱ्यांच्या गॅलरीत काय होते, हे आम्हाला ठाऊक आहे.

म्हणूनच म्हैसूरचे बाणदार एकेक टिपत नसत, झुंडीने सोडत. 5 एप्रिल 1799च्या रात्री श्रीरंगपट्टणजवळच्या सुलतानपेठेच्या आमराईत या माऱ्यापुढे इंग्रज अधिकारी आर्थर वेलस्लीच्या तुकडीची दाणादाण उडाली. हाच वेलस्ली पुढे 1803 मध्ये असईला शिंदे-भोसल्यांशी लढला. तिसऱ्या म्हैसूर युद्धात मराठ्यांचे सेनापती हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन हैदरच्या मुलाविरुद्ध, टिपूविरुद्ध, इंग्रजांच्या बाजूने होते, हेही येथे आठवते आणि थोडे टोचते. टिपू पडल्यावर म्हैसूरचे बाण इंग्लंडमधल्या वुलिचच्या शस्त्रागारात गेले, विल्यम काँग्रीव्हने त्यांवरून स्वतःचे बाण घडवले आणि 1807 मध्ये इंग्रजांनी त्याच बाणांनी डेन्मार्कचे कोपनहेगन पेटवले.

दुसऱ्या दिवशी श्रीरंगपट्टणला दर्या दौलत बागेतल्या टिपूच्या महालात गेलो. पश्चिमेच्या भिंतीवर हैदर-टिपूने इंग्रजांना हरवलेली 10 सप्टेंबर 1780ची पोल्लिलूरची लढाई रंगवली आहे. हे चित्र पुसट झाल्यावर पुन्हा रंगवून घेणारा वेलस्लीच, आमराईतला! चित्रात इंग्रजी फौजेचा चौकोन चहूबाजूंनी वेढलेला असून मध्ये दारूगोळ्याची गाडी भडकली आहे; ती बाणानेच पेटली असे अनेक जण मानतात. शेजारी पालखीत त्या फौजेचा सेनानी, जखमी कर्नल बेली बसला आहे, आणि चित्रकाराने त्याला चक्क तोंडात बोट घालायला लावले आहे.